बर्फ कुठे जातो? बारा हजार रुपयांत मासळीच्या पेटीचा प्रोटोटाइप

भांडुपच्या एका फुटपाथवर मासळी विकणारी बाई पहाटे चारला भाऊच्या धक्क्यावर माल उचलते. पंधरा किलोच्या आसपास: बांगडा, मांदेली, बोंबील, जमलं तर थोडी सुरमई. प्लास्टिकचा टब, खाली-वर बर्फाचा चुरा, त्यावर ओलं गोणपाट आणि प्लास्टिकचा कागद. सँडहर्स्ट रोडहून धीम्या लोकलचा मालडबा, भांडुपचा पूल डोक्यावर टब घेऊन ओलांडायचा आणि साडेसहाला दुकान मांडायचं. आठ किलो बर्फ साडेनऊला संपतो. मग जवळच्या बर्फवाल्याकडून चढ्या भावाने आणखी चार-पाच किलो घ्यावा लागतो. साडेबाराला उरलेला बांगडा निम्म्या भावात जातो, कारण तोवर त्याचे डोळे आत गेलेले असतात आणि कल्ले काळपट पडलेले असतात.

तिचा भाचा आयटीआय झालेला फिटर. त्याच्या डोक्यात एक पेटी आहे: भिंती उष्णतारोधक, वितळलेलं पाणी तळातून आपोआप बाहेर जाईल पण त्या वाटेने गरम हवा आत शिरणार नाही, आणि वजन एकट्या बाईला झेपेल इतकं. हाताशी बारा हजार रुपये, त्यातले निम्मे भिशीचे.

हे प्रकरण शिकण्या-शिकवण्यासाठी मांडलं आहे. माणसं निनावी आहेत, रुपये गोल आकड्यांत आहेत, आणि बर्फाचा हिशोब कुणालाही कागदावर पडताळता येईल असा आहे.

आधी काटा, मग करवत

पहिला मोह असतो तो फोम आणून कापायला घेण्याचा. भाच्याने तो आवरला आणि पहिले बावीसशे रुपये मोजण्याच्या सामानावर घातले. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

लॅमिंग्टन रोडवर मिळालेलं सामान असं: अर्डुइनो नॅनो या छोट्या संगणकी बोर्डाची नक्कल ३००, पाण्यात चालणारे डीएस१८बी२० तापमान सेन्सर पाच नग ६००, एसडी कार्डाचं मॉड्यूल कार्डासकट ३५०, घड्याळाचं मॉड्यूल १५०, दाराला लावतात तो चुंबकी रीड स्विच ५०, सहा पेन्सिल सेल आणि त्यांचा होल्डर १५०, वायर-रोध-डबी २००. शिवाय टांगायचा डिजिटल काटा ४००.

हे सेन्सर स्वस्त आहेत आणि बाजारात नकली मालही भरपूर आहे. उत्पादकाच्या कागदावर अर्ध्या अंशाची चूक मान्य आहे, नकली सेन्सर त्याहून भरकटतो. म्हणून बर्फाच्या पाण्यात तपासल्याशिवाय एकही वापरायचा नाही. थर्मासमध्ये बर्फाचा बारीक चुरा घ्यायचा, चुरा जेमतेम भिजेल इतकंच पाणी घालायचं, ढवळायचं, पाचही सेन्सर दहा मिनिटं बुडवून ठेवायचे. सगळ्यांनी शून्य दाखवायला हवं. पाव-अर्धा अंश इकडेतिकडे असेल तर तो फरक लिहून ठेवून नंतर वजा करायचा. पाचपैकी एक १.१ दाखवत होता, तो बाजूला काढला. चार पुरतात: तळाशी, मध्ये, वरच्या थरात आणि एक बाहेर सावलीत.

दोन आकडे पाठ असावेत. ८५ आणि उणे १२७. सेन्सर चालू झाल्यावर मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचला, किंवा वायर सैल होऊन वीज क्षणभर गेली, तर तो ८५ सांगतो. सर्वांत बारीक (बारा बिटांच्या) मोजणीला पाऊण सेकंद लागतो, तेवढं थांबलंच पाहिजे. सेन्सरशी संपर्कच तुटला तर सेन्सर वाचायला वापरतात तो तयार प्रोग्राम (लायब्ररी) उणे १२७ लिहितो. हे आकडे न गाळता सरासरी काढली की शून्याजवळची मासळी अकरा अंशांवर गेल्यासारखी दिसते आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो.

वीजही पहिल्या रात्री दगा देते. मोबाइलच्या पॉवर बँकेवर नॅनो लावला तर बऱ्याच पॉवर बँका अर्ध्या-एक मिनिटात स्वतःहून बंद होतात, कारण नॅनो इतका कमी प्रवाह घेतो की फोन काढून घेतला असं तिला वाटतं. पेन्सिल सेलचा होल्डर त्यासाठीच.

या संचाने पेटीला हात लावण्याआधी जुन्या टबाची तीन दिवस नोंद घेतली. बर्फ संपण्याच्या वेळा ९.२०, ९.४० आणि ९.३०. धक्क्यावर घेतलेल्या मालाचं तापमान साधारण १२ अंश, कारण होडीतला बर्फ आणि लिलावाची उघडी फरशी या दोघांमधून तो आलेला असतो. ही तीन दिवसांची वही नसती तर पुढची कुठलीही सुधारणा खरी की भासाची हे सांगता आलं नसतं.

कागदावरचा हिशोब

पेटीचं बाहेरचं माप ६० × ४० × ३५ सेंटिमीटर ठरलं. डोक्यावर तोलता येईल आणि मालडब्याच्या दारात अडणार नाही, ही अट. भिंत ४० मिलिमीटर धरली तर आतली जागा ५२ × ३२ × २७, म्हणजे सुमारे ४५ लिटर.

भिंतीतून आत येणारी उष्णता काढायला शाळेतलंच सूत्र लागतं: पदार्थाची उष्णतावाहकता गुणिले क्षेत्रफळ गुणिले तापमानातला फरक, भागिले जाडी. एक्सपीएस, म्हणजे गच्चीवर उष्णतारोधक म्हणून घालतात तो निळा किंवा गुलाबी कडक फोम, त्याची वाहकता ०.०३ च्या आसपास. आतल्या-बाहेरच्या पृष्ठभागांचं मधलं क्षेत्रफळ ०.९७ चौरस मीटर. बाहेर ३० अंश, आत शून्य. उत्तर येतं सुमारे २२ वॅट. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात, म्हणजे २२ वॅट ताशी २३५ ते २४० ग्रॅम बर्फ खातात. आठ तासांचे १.९ किलो.

दुसरा खर्च मासळी थंड करण्याचा, आणि तो बहुतेकजण विसरतात. पंधरा किलो मासळी १२ अंशांवरून शून्यावर आणायला, किलोमागे अंशाला ३.६ किलोज्यूल धरून, ६४८ किलोज्यूल लागतात. तेही जवळजवळ दोन किलो बर्फ. भिंती कितीही जाड केल्या तरी हा खर्च टळत नाही.

दोन्ही मिळून चार किलो. आठ किलो घातला तर साडेबाराला निम्मा उरायला हवा, असं कागद सांगतो.

भिंत ८० मिलिमीटर का नाही? उष्णता निम्म्याहून कमी होईल, पण बाहेरचं माप तेच ठेवलं तर आतली ४५ लिटरची जागा २० लिटर होते. पंधरा किलो मासळी आणि आठ किलो चुरा यांनाच पस्तीस लिटर लागतात. साध्या पांढऱ्या थर्माकोलची वाहकता एक्सपीएसपेक्षा थोडीच जास्त, फरक एक ते चार वॅटचा. एक्सपीएस घ्यायचं खरं कारण वेगळं: थर्माकोलच्या दाण्यांमधल्या फटींत पाणी आणि मासळीचं रक्त शिरतं, वास जात नाही आणि कोपरे झडतात.

पहिला नमुना: दोनशे रुपयांचा

फळांच्या दुकानातून दोन जुने थर्माकोलचे खोके, रुंद टेप, १२ मिलिमीटरची पारदर्शक नळी. या नमुन्याला एकच प्रश्न विचारायचा होता: एवढ्या मापाची पेटी धक्क्यावरून भांडुपपर्यंत जाते का, आणि वळशात पाणी अडवून गरम हवा रोखणारी तळाची नळी वाटेत काम करते का? बर्फ किती टिकतो हे त्याला विचारलंच नाही.

माप जमलं. नळीने मात्र दोन दिवसांत नांगी टाकली. पहिल्या दिवशी मालडब्यात शेजारच्याच्या पाटीवर पाणी ठिबकलं. दुसऱ्या दिवशी वळशात खवले अडकले आणि पाणी पेटीतच साचलं. शिवाय वळसा पेटीच्या तळाखाली असावा लागतो, नाहीतर पाणी पूर्ण निघत नाही. तळाखाली जागा करायची तर पेटीला सहा-सात सेंटिमीटरचे पाय हवेत आणि पाय असलेली पेटी डोक्यावरच्या चुंबळीवर बसत नाही.

इथे भाच्याची सर्वांत आवडती कल्पना निकामी ठरली, आणि ती दोनशे रुपयांत ठरली हे चांगलं झालं. उपाय साधा निघाला. आत जाळीदार क्रेट तीन सेंटिमीटर उंचीच्या चार ठोकळ्यांवर ठेवायचा. ५२ गुणिले ३२ गुणिले ३ म्हणजे जवळजवळ पाच लिटर पाणी खाली मावतं. वाटेत थेंबही बाहेर पडायची गरज नाही. भांडुपला पोहोचून गटाराच्या तोंडाशी रबरी बूच काढायचं, झालं. मासळी लालसर पाण्यात बुडून राहत नाही, आणि ते पाणीही शून्याजवळचंच असल्यामुळे तळ गरम होत नाही.

दुसरा नमुना: घरच्या पडवीतली पेटी

एक्सपीएसच्या १२५० × ६०० च्या दोन शीट, ४० मिमी, १,०००. इपॉक्सी रेझिन हार्डनरसह एक किलो आणि चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणारं ग्लास (काचतंतूंचं) कापड, १,८००. नागदेवी स्ट्रीटवरून झाकणाचं स्पंज रबर २५०, कड्या ३००, बूच आणि फिटिंग २००, कोपऱ्यांना ॲल्युमिनियमची पट्टी २००. एकूण ३,७५०.

इथल्या चुका महाग पडतात, म्हणून सविस्तर.

गोंद. सनमायकाला लावतात तो पिवळट, उग्र वासाचा गोंद एक्सपीएसला लावला तर फोम डोळ्यांदेखत खड्डे पडून विरघळतो, कारण पॉलिस्टायरीन त्याच्या द्रावकात विरघळतं. पांढरा सुतारी गोंद विरघळवत नाही, पण दोन फोमच्या मध्ये हवा नसल्याने आठवडाभर ओला राहतो. तुकडे इपॉक्सीनेच चिकटवायचे, आणि ती धरेपर्यंत बांबूच्या चार काड्या तिरप्या खोचून ठेवायच्या.

रेझिन. फायबरच्या टाक्या करणाऱ्यांकडे स्वस्त पॉलिस्टर रेझिन मिळतं. त्यात स्टायरीन असतं आणि स्टायरीन फोमला खातं. इपॉक्सी तिप्पट महाग असली तरी इथे पर्याय नाही.

मिश्रण वजनावर करायचं, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, एका वेळी शंभर ग्रॅमपेक्षा जास्त नाही. मे महिन्याच्या उकाड्यात अर्धा किलो एकदम कालवलं तर दहा-पंधरा मिनिटांत वाटी हातात धरवत नाही आणि रेझिन गोळा होतं. पसरट ताटलीत ओतलं की उष्णता निघून जाते, वेळ मिळतो. दमट हवेत पहिल्या थरावर मेणचट साय येते. ती साबणाच्या पाण्याने आणि घासणीने काढून, वाळवून, मगच दुसरा थर. नाहीतर थर पापुद्र्यासारखा सुटतो. आतून कापडाचे दोन थर, बाहेरून एक. पेटीचं वजन भरलं ३.२ किलो.

एचडीपीईच्या शीटचं अस्तर हाही विचार झाला होता. तो प्लास्टिकचा प्रकार कुठल्याही गोंदाला धरत नाही, गरम हवेच्या गनने वेल्डच करावा लागतो, आणि दोन्ही बाजूंनी दोन मिलिमीटरचं अस्तर चढवलं तर एकट्या अस्तराचं वजन साडेतीन किलोच्या वर जातं. सोडून दिला.

बर्फाची चाचणी

महागडी प्रयोगशाळा लागत नाही. काटा, घड्याळ आणि संयम हवा. दहा किलो बर्फाचा चुरा घ्यायचा. कारखान्यातून आलेली लादी शून्याच्या बरीच खाली थंड असते, म्हणून चुरा वितळू लागेपर्यंत थांबायचं आणि पहिल्या तासाचं पाणी हिशोबात धरायचं नाही. मग बूच उघडं ठेवून खाली भांडं, दर तासाला पाण्याचं वजन. ताशी ग्रॅम गुणिले ३३४ भागिले ३६०० केलं की थेट वॅट मिळतात. खोली तीच, पंखा बंद, रात्रीची वेळ.

मासळीच्या जागी पाण्याच्या बाटल्या चालतात. पंधरा किलो मासळीइतकी उष्णता तेरा लिटर पाण्यात असते, म्हणून तेरा बाटल्या फ्रिजमध्ये १२ अंशांवर आणून ठेवायच्या. चाचणीत मासळी नासवायची वेळ येत नाही.

पहिल्या रात्री ताशी ४१० ग्रॅम. म्हणजे ३८ वॅट. हिशोबाच्या पावणेदोनपट. अशा वेळी दोन गोष्टी एकदम बदलण्याची घाई होते. ती केली तर दोष कुठला होता ते कधीच कळत नाही. दुसऱ्या रात्री फक्त झाकणाच्या सांध्यावरून रुंद टेप फिरवली: ३०० ग्रॅम. दहा वॅट एकट्या झाकणाच्या फटीतून जात होते. हात फिरवून कळत नव्हतं. झाकणाखाली कागदाची पट्टी धरून झाकण लावलं आणि पट्टी ओढून पाहिली, तेव्हा एका लांब बाजूला ती अलगद सुटून आली. कडी ओढल्यावर झाकण मधोमध फुगत होतं. त्या बाजूला दुसरी कडी बसवली.

उरलेला फरक ॲल्युमिनियमच्या पट्टीचा होता. कोपरा मजबूत दिसावा म्हणून ती आतून बाहेर वळवलेली होती. ॲल्युमिनियम उष्णतेला एक्सपीएसच्या हजारो पट वाट देतं, आणि अशी एक पट्टी चांगल्या भिंतीला भोक पाडल्यासारखीच. ती काढून तिथे ग्लास कापडाची पाच सेंटिमीटरची दुहेरी पट्टी चढवली. तिसऱ्या रात्री २६० ग्रॅम, २४ वॅट. कागदाच्या अंदाजापेक्षा दोनच वॅट जास्त. याहून जास्त घासत बसण्यात अर्थ नव्हता.

बाजारातला दिवस

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पेटीवर गोणपाट शिवलेलं, आत सेन्सर, झाकणाला रीड स्विच. एका बांगड्याच्या तोंडातून सेन्सर पोटापर्यंत सरकवलेला; तो मासा विकायचा नाही असं ठरलेलं. बर्फ आठ किलो.

सव्वादहाला बर्फ संपला.

टबापेक्षा पाऊण तास जास्त, एवढाच फायदा. सहा हजार सहाशे पन्नास रुपये खर्चून पाऊण तास. घरी जी पेटी २४ वॅट दाखवते ती बाजारात शंभर वॅटच्या आसपास बर्फ खात होती.

कार्डावरच्या नोंदीत उत्तर स्पष्ट होतं. दुकान मांडल्यापासून बर्फ संपेपर्यंतच्या वेळात झाकण दर १०० मिनिटांतली ७१ मिनिटं उघडं. विकणारीला विचारलं तेव्हा तिने एका वाक्यात सांगितलं: "अरे, झाकण लावलेलं दिसलं की गिऱ्हाईक समजतं माल संपला, पुढच्या बाईकडे जातं." एवढ्यासाठी सेन्सर लागत नव्हता, फक्त आधी विचारायला हवं होतं. पण नोंद असल्यामुळे वाद उरला नाही, आणि भाच्याने भिंत आणखी जाड करायचा विचार सोडला.

उघड्या झाकणाचं मुंबईत एवढं का लागतं? नुसत्या गरम हवेमुळे नाही. थंड हवा जड असते, खोल पेटीत ती बरीचशी बसून राहते. खरा शत्रू हवेतली वाफ. मे महिन्यातली दमट हवा शून्य अंशाच्या बर्फाला लागली की तिच्यातलं पाणी बर्फावर जमतं, आणि जमणारं प्रत्येक ग्रॅम पाणी जी उष्णता सोडतं तिने साडेसात ग्रॅम बर्फ वितळतो. त्यात छत्री सरकली की ऊन थेट आत. कोरड्या गावात हाच प्रयोग वेगळा आकडा देईल.

म्हणजे अडचण पेटीची नव्हती, दाखवण्याची होती. विकायचा माल उघडा असायलाच हवा. मग सगळा माल उघडा का असावा?

तिसरा नमुना: वर ताट, खाली साठा

झाकणाच्या वर बसणारं स्टीलचं उथळ ताट. त्यात तीन-चार किलो मासळी बर्फावर मांडलेली, गिऱ्हाइकासमोर उघडी. साठा खाली बंद. ताटातला माल संपला की खालून भरायचा.

पहिलं ताट ३०४ ग्रेडच्या ०.८ मिमी पत्र्याचं, कोपरे वेल्ड केलेले, १,९००. पातळ स्टील वेल्डच्या उष्णतेने ओढलं गेलं आणि ताट तीन कोपऱ्यांवर बसून डुगडुगू लागलं. ते झाकणाचा एक कोपरा दाबायचं आणि समोरचा उचलायचं, म्हणजे पुन्हा फट. कापलेली कड बोटाला लागायची हे वेगळंच. दुसऱ्या ताटात कोपरे न कापता घडी घातली, कड दुमडून बंद केली, वेल्ड फक्त पाण्याच्या तोटीला. १,४०० रुपये, आणि सपाट बसलं. राखीव रक्कम यासाठीच लागते. पहिल्या नमुन्यालाच सगळे पैसे लागले असते तर प्रकल्प डुगडुगणाऱ्या ताटावर थांबला असता.

ताटातलं थंड पाणी खालच्या साठ्यावर सोडावं, असं भाच्याला वाटलं. थंडावा दोनदा वापरता येईल. हिशोब केला तर दोन किलो पाणी शून्यावरून चार अंशांवर जाताना ३३ किलोज्यूल घेतं, म्हणजे जेमतेम शंभर ग्रॅम बर्फाची बचत. त्यासाठी शंभर गिऱ्हाइकांची बोटं लागलेल्या मासळीचं पाणी स्वच्छ साठ्यावर पडणार. नको. ताटाला स्वतःची तोटी, खाली वेगळी बाटली.

चार दिवसांच्या चाचणीत आकडे एकमेकांच्या जवळ राहिले. खालचं झाकण सकाळभरात चौदा-पंधरा वेळा उघडलं, दर वेळी मिनिटाच्या आत. पेटीत ६.२ किलो आणि ताटात १.८ किलो बर्फाने सुरुवात केली, तर साडेबाराला पेटीत दोन किलोच्या वर बर्फ चाळणीवर मोजून मिळाला. साठ्यातला बांगडा तीन अंशांच्या खाली. दुसऱ्यांदा बर्फ विकत घ्यावा लागला नाही.

ताटातली मासळी मात्र नऊ अंशांवर गेली. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. बांगडा, तारली, कुपा या जातींत उबेला जिवाणूंमुळे हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. म्हणून ताटात चार किलो न मांडता दोनच किलो, आणि दर भरणीला खालून दोन मुठी बर्फ वर. त्याने तापमान सहा अंशांपर्यंत आलं.

पेटंट घ्यायचं का?

अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज भरायला व्यक्तीला १,६०० रुपये लागतात, कागदावर दिला तर १,७५०, आणि पूर्ण तपशील बारा महिन्यांत द्यावा लागतो. फुटपाथवरच्या चाचणीने नावीन्य जातं का, हा प्रश्न योग्य आहे. पेटंट कायद्याचं ३२ वं कलम, अर्जाआधीच्या वर्षभरात वाजवी चाचणीसाठी आणि गरज म्हणून चारचौघांत केलेल्या वापराला सूट देतं. विक्रीला नाही. तरीही अर्ज आधी आणि बाजार नंतर हाच क्रम सुरक्षित.

इथे खरी अडचण दुसरीच होती. कलम ३(फ) नुसार, आपापलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या माहीत असलेल्या वस्तू एकत्र मांडणं म्हणजे शोध नव्हे. वळशाची नळी गेली, ताटाचं पाणी साठ्यावर सोडणं गेलं. उरली पेटी आणि ताट, दोघं शेजारी-शेजारी. दावा करण्याजोगं फारसं राहिलं नाही, आणि भाच्याने अर्ज केला नाही. आकाराची डिझाइन नोंदणी हा मार्ग शिल्लक आहे, पण आकार आधीच उघड झाला तर ती टिकत नाही. म्हणून पेटी आणि ताटाची बाजू बाजारात गोणपाटाखाली ठेवली होती.

हिशोब आणि राहिलेलं काम

मोजमाप २,२००. पहिला नमुना आणि चाचण्यांचा बर्फ ७००. पेटी ३,७५०. दोन ताटं ३,३००. बाजारातल्या दिवसांचा बर्फ आणि जाण्या-येण्याचा खर्च ८००. एकूण १०,७५०, हातात १,२५०.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, धक्क्यावर ताजा माल कमी. या दिवसांत पेटीची तोडफोड चाचणी करायची: वीस किलो वाळूच्या पिशव्या भरून डोक्याच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, कोपऱ्यावर पाडायची. पहिल्या पडण्यातच बाहेरचा एकेरी थर कोपऱ्याला तडकला, त्यामुळे तिथे कापडाचे आणखी दोन थर चढले आणि वजन ३.६ किलो झालं. जस्ताचा मुलामा दिलेल्या कड्या मिठाच्या पाण्याने पंधरा दिवसांत गंजल्या. त्यांच्या जागी स्टीलच्या घ्यायला उरलेल्या पैशांतले सहाशे जातील.

ऑगस्टमध्ये धक्का पुन्हा भरेल तेव्हा हवा आणखी दमट असेल आणि ऊन कमी. ताटाचे सहा अंश त्या हवेत चारच्या खाली येतात का, हे चार दिवसांच्या नोंदीत दिसेल. वहीत त्यासाठी पानं आखून ठेवली आहेत: वेळ, बाहेरचं तापमान, ताटातलं वजन, वर टाकलेल्या बर्फाच्या मुठी.